पेटीतल्या बाळाचे डोळे

‘बाळ अजून पेटीत आहे,’ असं सांगणाऱ्या आईबाबांचा जीव वजनाच्या आकड्यात अडकलेला असतो. आज दहा ग्रॅम वाढलं, काल पाच. डोळ्यांची शंका येणार तरी कशी? बाळ टुकुटुकु बघत असतं.

डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पसरू लागतात त्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. कानाकडच्या कडेपर्यंत पोचायला त्यांना जवळपास बाळाचे दिवस भरेपर्यंतचा काळ लागतो. त्यांना पुढे ओढते ती टंचाई. पोटात ऑक्सिजन बेताचाच; पडद्याचा उपाशी भाग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि वाहिन्या तिकडे वाढतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला मात्र जगवायला ऑक्सिजन द्यावा लागतो. तो जास्त झाला की ही हाक बंद पडते, वाहिन्या वाटेतच थांबतात. पडदा वाढतच राहतो. काही आठवड्यांनी त्याची भूक उसळते, व्हीईजीएफचा लोंढा येतो आणि वेड्यावाकड्या वाहिन्या फुटून डोळ्याच्या पोकळीत घुसतात. त्यांच्या ओढीनं पडदा सुटू शकतो. हीच ‘आरओपी’, म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. दगा इथेच आहे: तोवर बाळ बऱ्याचदा घरी आलेलं असतं, बारशाची तयारी चाललेली असते.

बोस्टनच्या टेरी यांनी हा आजार १९४२ मध्ये नोंदवला. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. मग ऑक्सिजन सरसकट कमी केला गेला. अंधत्व घटलं, पण बाळं दगावली. म्हणून ऑक्सिजनला खलनायक ठरवणं मला पटत नाही. आज रक्तातली पातळी साधारण ९० ते ९५ टक्क्यांत राखतात.

पुण्यात मोहम्मदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयाच्या डॉ. सुचेता कुलकर्णी यांच्यासारखे डॉक्टर अशा बाळांचे डोळे तपासण्याच्या कामात वर्षानुवर्षं आहेत. दोन किलोंहून कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची तपासणी तीस दिवसांच्या आत व्हायलाच हवी. अगदी नाजूक बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, तारेच्या नाजूक चिमट्यानं पापण्या उघड्या धरतात. बाळ जिवाच्या आकांतानं रडतं, बाहेर आईचाही धीर सुटतो. डॉक्टर कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, हातातल्या भिंगातून वाहिन्यांची सीमा शोधतात. तिथे उंचवटा आणि पुढे फुटवे दिसले, आजार बळावलेला असला, तर दोन-तीन दिवसांत लेझर करावं लागतं. लेझर वाहिन्यांवर नव्हे, पलीकडच्या उपाशी पडद्यावर मारतात. तिथली हाक थांबली की फुटवे हळूहळू सुकतात.