तेल आहे, पण वर येत नाही!

आपल्या कितीतरी घरांतली माणसं आखाती देशांत तेलाच्या कामावर आहेत. त्यामुळे 'तेलक्षेत्र जुनं झालं' ही बातमी आपल्यासाठी रोजीरोटीचीही असते. पण जुनं झालं म्हणजे तेल संपलं का? नाही. कसं ते समजून घेण्यासाठी आपण स्कॉटलंडजवळच्या समुद्रातलं 'कॅप्टन' तेलक्षेत्र पाहू.

ते १९७७ साली सापडलं. उत्पादन सुरू व्हायला मात्र १९९७ उजाडलं. कारण इथलं तेल जड, काकवीसारखं घट्ट. ते तळ्यासारखं साठलेलं नसतं, तर वालुकाश्माच्या बारीक छिद्रांत अडकलेलं असतं. त्याला विहिरीकडे ढकलण्यासाठी खाली पाणी सोडतात. पण पातळ पाणी घट्ट तेलाला रेटत नाही, सोपी वाट पकडून पुढे निसटतं. मग विहिरीतून तेल कमी आणि पाणीच जास्त येतं. ते वेगळं करण्याचा खर्च परवडेनासा झाला की क्षेत्र बंद होतं, तेल मात्र खालीच राहतं!

यावर इलाज साधा वाटतो: पाणीच घट्ट करायचं. त्यासाठी त्यात पॉलिमर मिसळतात. घट्ट पाणी सगळीकडे पसरतं आणि तेल पुढे सरकवतं. कॅप्टनवर आधी चाचणी झाली, मग हा वापर वाढवला गेला.

अर्थात हे फुकट होत नाही. पॉलिमर जहाजाने आणावं लागतं, प्लॅटफॉर्मवर जागा कमी असते, आणि खारट पाण्यात त्याचा घट्टपणा घटतो. म्हणून क्षेत्राचं आयुष्य वयावर नाही, या हिशेबावर ठरतं.