सूर्याचा प्रतिध्वनी

वेरूळच्या दहाव्या लेण्याच्या छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. म्हणून लोक त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. येथे उच्चारलेला शब्द बराच वेळ घुमतो. भिंती जवळ असल्याने परतणारे आवाज एकमेकांत मिसळतात. तोच शब्द १७० मीटर दूरच्या कड्यासमोर उच्चारला, तर सुमारे १ सेकंदाने वेगळा ऐकू येतो. या वेळावरून कड्याचे अंतर काढता येते. विद्यार्थी मित्रांनो, अब्जावधी किलोमीटर दूरची, डोळ्यांना न दिसणारी एक ‘भिंत’ शास्त्रज्ञ अशाच युक्तीने अभ्यासत आहेत!

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा सौरवात सेकंदाला सुमारे ४०० कि.मी. वेगाने वाहतो. ताऱ्यांमधील विरळ वायू बाजूला सारून तो सूर्यमालेभोवती प्रचंड फुगा तयार करतो. हा फुगा बाहेरून येणारे बरेचसे विश्वकिरण अडवतो. म्हणून त्याच्यात होणारे बदल जाणणे महत्त्वाचे आहे. ‘व्हॉयेजर-१’ २०१२ मध्ये व ‘व्हॉयेजर-२’ २०१८ मध्ये त्याची सीमा ओलांडून गेले. ही सीमा तेथे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट दूर होती. पण एवढ्या फुग्याला दोनच ठिकाणी स्पर्श झाला. बाकीचा कसा कळावा?

येथे उदासीन अणू मदतीला येतात. सीमेजवळचा एखादा वेगवान प्रोटॉन संथ हायड्रोजन अणूचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतो व स्वतःच अणू बनतो. विद्युतभार संपल्याने चुंबकीय क्षेत्र त्याला वळवू शकत नाही. तो सरळ धावत सुटतो. असे काही अणू पृथ्वीकडे येतात. ऑक्टोबर २००८ मध्ये सोडलेला ‘आयबेक्स’ उपग्रह ते मोजू लागला.

२०१४ च्या उत्तरार्धात सौरवाताचा दाब सुमारे ५० टक्क्यांनी वाढला. परंतु वेगवान अणूंची वाढ दिसली ती २०१६ च्या अखेरीस, आणि तीही प्रथम सीमा जेथे सर्वांत जवळ आहे त्या दिशेकडून! दूरच्या दिशांकडून ती नंतर आली. सौरवात तेथे पोचण्यास वर्षाहून अधिक काळ, मग तेथील वायू दाबला जाण्यास काही काळ, शेवटी अणूंचा परतीचा प्रवास, असा हा उशिराचा हिशेब आहे. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. प्रतिध्वनीत आपलाच आवाज परततो. येथे परततात ते सीमेजवळ नव्याने बनलेले अणू.

हे काम अधिक बारकाईने करण्यासाठी २४ सप्टेंबर २०२५ रोजी ‘आयमॅप’ हे यान सोडण्यात आले.

आता हे गणित करून पाहा : १५ अब्ज कि.मी. जाण्यास सौरवाताला किती दिवस लागतील?