नाव कोणाचं, ओळ कशी?

महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे पसरणीचा घाट उतरला की वाई लागते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी इथूनच मराठी विश्वकोश उभा केला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातल्या नोंदींच्या शेवटी लेखकाचं नाव ठरावीक पद्धतीनं येतं. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं: ‘रेगे, मे. पुं.’ नोंद मुळात इंग्रजीत लिहिलेली असेल तर लेखकापुढे ‘(इं.)’ आणि ती मराठीत आणणाऱ्यापुढे ‘(म.)’. लिहिलं कोणी आणि आणलं कोणी, दोघांचं श्रेय वेगळं राहतं.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये घडवलेल्या ‘गिट’ या, प्रोग्रामच्या मजकुरातले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीतही प्रत्येक बदलासोबत अशा दोन ओळी असतात: एक लेखकाची, दुसरी तो बदल नोंदवणाऱ्याची. नाव, कोनी कंसात ईमेल, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद आणि वेळेचा पट्टा. आपला पट्टा +०५३०.

अडचण येते ती जुना इतिहास गिटमध्ये आणताना. ‘सबव्हर्जन’ या आधीच्या तशाच प्रणालीत बदलासमोर फक्त लॉगिन असे. म्हणून आयात करताना एक यादी देता येते: डावीकडे लॉगिन, उजवीकडे पूर्ण नाव आणि ईमेल. यादीत एखादं लॉगिन नसेल, तर काम तिथंच थांबतं. हा कडकपणा योग्यच आहे. यादीच दिली नाही, तर लॉगिनपुढे भांडाराचा (बदलांच्या साठ्याचा) ओळखक्रमांक जोडून पत्ता रचला जातो. ओळ नियमात बसते, पण त्या पत्त्यावर माणूस सापडत नाही.

‘जीसीसी’ हा कंपायलर जानेवारी २०२० मध्ये गिटवर आला. बदल चढवणारा आणि लिहिणारा अनेकदा वेगळा होता, म्हणून खऱ्या लेखकांची नावं जुन्या बदलनोंदींच्या फायलींमधून शोधून काढावी लागली. तपासणीचं खरं काम हे.

नियम मोडणाऱ्या ओळीही जुन्या भांडारांत आहेतच. ‘रेल्स’ या वेब-चौकटीच्या इतिहासात एका बदलाचा पट्टा +०५१८०० असा आहे, आणि अशा आकड्यांवर आयात अडत असे. २०२० मध्ये गिटनं असे पट्टे आहेत तसे स्वीकारण्याची सोय दिली. ते दुरुस्त का करू नयेत? कारण एक अंक बदलला, तरी त्या बदलाची, त्याच्या मजकुरावरून काढलेली खूण बदलते आणि तिच्यावर बेतलेल्या पुढच्या सगळ्या खुणाही बदलतात. जुनी नोंद न छेडणंच बरं.

मराठी नावांची परीक्षा याहून अवघड. ईमेलच्या नियमांत स्वल्पविराम दोन पत्ते वेगळे करतो, त्यामुळे ‘रेगे, मे. पुं.’ अवतरणाविना लिहिलं तर एका माणसाचे दोन तुकडे होऊ शकतात. गिटच्या अनेक आवृत्त्या नावाच्या शेवटचं टिंबही गाळत: ‘पुं.’चं ‘पुं’. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईच्या दोन्ही ओळी बिनचूक ठरतात, पण मोजणीत तिच्या दोन व्यक्ती होतात. उलट एकाच आडनावाची, त्याच आद्याक्षरांची दोन माणसं एका ओळीत मिसळतात.

एका व्यक्तीच्या दोन होण्याच्या घोळावर गिटमध्ये ‘मेलमॅप’ नावाची साधी फाईल आहे. मूळ इतिहासाला हात न लावता ती जुनं नाव आणि आजचं नाव एकत्र दाखवते. दोन माणसं एक होण्याच्या घोळात मात्र ईमेलसुद्धा सामायिक असेल, तर कुठलंही यंत्र कामी येत नाही. तिथं त्या काळी शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यालाच विचारावं लागतं, आणि तेही आयात सुरू करण्याआधी.