पंप नवा, तरी काटा शून्यावर

छोट्या पेट्रोल मालवाहू गाडीचा टाकीतला पंप बदलला, गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, पण टाकीत पंधरा-वीस लिटर पेट्रोल असूनही काटा ‘ई’वरून हलत नाही. किंवा टाकी रिकामी होत आली तरी तो ‘फुल्ल’वरच. गॅरेजमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. तिच्यामागून येणारा खर्चही नेहमीचाच: आधी मीटर बदला, मग वायरिंग उकला, आणि शेवटी पुन्हा नवा पंप.

टाकीत उतरतो तो एकटा पंप नसतो, ते अख्खं मॉड्यूल असतं. एकाच झाकणाला पंप, जाळी आणि इंधनाची पातळी सांगणारा सेन्सर जोडलेला असतो. सेन्सरची रचना साधी. तारेच्या दांडीला फ्लोट असतो, फ्लश टाकीतल्या फुग्यासारखा. तो वरखाली झाला की दांडीच्या दुसऱ्या टोकाचा कॉन्टॅक्ट एका पट्टीवर सरकतो आणि रेझिस्टन्स बदलतो. काट्याला लिटर कळत नाहीत, त्याला फक्त ओम कळतात. तेव्हा शोध घ्यायचा तो या ओमच्या वाटेचा, आणि सुरुवात करायची ती नुकताच हात लागलेल्या जागेपासून.

गैरसमज १ : इंजिन नीट चालतंय, म्हणजे मॉड्यूल नीट बसलंय.

वस्तुस्थिती : पंपाची आणि सेन्सरची वायर वेगळी असते. पंप काही अँपिअर खेचतो, सेन्सरचा कारभार मिलिअँपिअरमध्ये चालतो. पंपाच्या दोन पिना घट्ट बसल्या की इंजिन सुरू होणारच. शेजारची सेन्सरची पिन कपलरमध्ये मागे सरकलेली असली तरी इंजिनला त्याचं काही नसतं. इंजिनचा आवाज हा पंपाचा दाखला आहे, सेन्सरचा नाही.

गैरसमज २ : पार्ट नवाकोरा आहे, त्यात दोष कसा निघेल?

वस्तुस्थिती : पार्ट निर्दोष असूनही चुकीचा असू शकतो, किंवा बसवताना बिघडू शकतो.

आधी चुकीचा कसा ते पाहू. प्रत्येक कंपनीची ओमची भाषा वेगळी असते. अमेरिकेतल्या पिकअप ट्रकचं उदाहरण बोलकं आहे. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकाम्या टाकीला ० ओम आणि भरलेल्या टाकीला ९० ओम असत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही पट्टी बदलून ४० ते २५० ओम झाली. फोर्डच्या जुन्या गाड्यांत तर हिशेब उलटा होता: रिकामी टाकी ७३ ओम, भरलेली १० ओम. आता ९० ओमवर संपणारा सेन्सर २५०ची अपेक्षा धरणाऱ्या मीटरला जोडला, तर टाकी काठोकाठ भरूनही काटा अर्ध्यापर्यंत पोहोचत नाही. उलट जोडणी केली, तर टाकी अर्धी असतानाच तो ‘फुल्ल’ दाखवतो. दोन्ही वेळा सेन्सरही ठीक आणि मीटरही ठीक. फक्त त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. आपल्याकडेही एकाच मॉडेलच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांना सारखाच दिसणारा लोकल पार्ट खपवला जातो. त्यामुळे आकार नव्हे, पार्ट नंबर जुळवावा.

बसवतानाचा घोळ जास्त वेळा होतो. टाकीचं तोंड अरुंद आणि दांडी लांब, त्यामुळे मॉड्यूल तिरकं करून, आधी फ्लोट घालून आत सोडावं लागतं. सरळ दाबलं की दांडी वाकते. झाकणावरची खूण टाकीवरच्या खुणेशी जुळली नाही, तर फ्लोट टाकीच्या भिंतीला किंवा आतल्या आडपट्टीला अडतो. मग काटा एका ठरावीक जागेच्या पुढे किंवा मागे जातच नाही. असा ठरावीक जागी थांबणारा काटा दिसला, तर वायरिंगला हात लावण्याआधी झाकण उघडा.

गैरसमज ३ : कपलर ‘टक’ करून बसला, म्हणजे जोडणी झाली.

वस्तुस्थिती : बऱ्याच नव्या मॉड्यूलबरोबर वेगळा कपलर येतो आणि जुन्या वायरी कापून त्याला जोडाव्या लागतात. तिथे रंगावर विसंबलं की फसगत होते. वायर कोणत्या पिनला जाते ते पाहून जोडावं.

दुसरा संशयित म्हणजे अर्थिंग. टाकीजवळचा अर्थचा बोल्ट चिखलापाण्यात गंजतो. काही गाड्यांत पंप आणि सेन्सर यांचं अर्थिंग एकच असतं. तो जोड गंजला असेल, तर पंपाचा करंट तिथून जाताना थोडा व्होल्टेज अडकतो आणि तो सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळतो. हे ओळखायला सोपं आहे. चावी फिरवल्यावर पंप दोनेक सेकंद घरघरून थांबतो. पंप चालू-बंद होताना काटाही थोडा सरकत असेल, तर अर्थिंग तपासा. पंप चालू असताना मॉड्यूलची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. ०.२ व्होल्टहून जास्त दिसलं, तर बोल्ट घासून साफ करायला हवा.

गैरसमज ४ : सेन्सरची वायर अर्थ करून पाहिली, की निदान झालं.

वस्तुस्थिती : ही युक्ती जुन्या गाड्यांची. त्यांत वायर थेट काट्याला जायची, त्यामुळे अर्थ केल्यावर काटा एका टोकाला आणि सुटी सोडल्यावर दुसऱ्या टोकाला जायचा. नव्या गाड्यांत सिग्नल बहुधा आधी कंट्रोल युनिटकडे जातो आणि तिथून डेटा लाइनवरून मीटरला. मूल्य हद्दीबाहेर गेलं की अनेक युनिट सरळ काटा शून्यावर नेतात. म्हणजे वायर तुटलेली असो वा अर्थला चिकटलेली, काटा एकच उत्तर देतो. अशा वेळी स्कॅनर लावावा. पी०४६२ कोड म्हणजे सिग्नल फार खाली, वायर अर्थला लागल्याची शक्यता. पी०४६३ म्हणजे सिग्नल फार वर, वायर किंवा पिन सुटल्याची शक्यता. स्कॅनरवर पातळीचा आकडा बरोबर आणि काटा मात्र चूक असेल, तरच मीटरकडे वळावं.

गैरसमज ५ : बॅटरी काढून लावा, नाहीतर दोनदा टाकी फुल्ल करा; काटा आपोआप सेट होतो.

वस्तुस्थिती : वाकलेली दांडी किंवा चुकीचे ओम बॅटरी काढून सुधारत नाहीत. या समजाला थोडा आधार आहे तो एवढाच: वळणावर, चढावर पेट्रोल हिंदकळतं म्हणून काटा मुद्दाम संथ ठेवलेला असतो. इंजिन चालू ठेवून पेट्रोल भरलं, तर तो वर यायला बराच वेळ घेऊ शकतो. चावी बंद करून पुन्हा फिरवा आणि थोडं थांबा. तरीही काटा जागचा हलत नसेल, तर बिघाड आहे.

गैरसमज ६ : सेन्सर बिघडतो तो मेकॅनिकच्या हातूनच.

वस्तुस्थिती : नेहमीच नाही. मे २००४मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा, लुइझियाना भागातल्या शेकडो पंपांवरची पेट्रोलविक्री थांबवावी लागली होती. पेट्रोलमध्ये गंधक जास्त गेलं होतं आणि त्याने सेन्सरचे चांदीचे कॉन्टॅक्ट खराब होत होते. टाकी रिकामी होत असतानाही काटे भरलेली दाखवत होते.

गैरसमज ७ : मोठ्या डिझेल ट्रकलाही हेच लागू.

वस्तुस्थिती : तिथे फीड पंप सहसा इंजिनपाशी असतो आणि टाकीतला सेन्सर स्वतंत्र. पंप बदलताना सेन्सरला हातही लागत नाही. त्यानंतर काटा बंद पडला, तर कामाच्या वेळी ओढली गेलेली वायर, सुटा राहिलेला कपलर किंवा अर्थिंग आधी पाहा.

मग क्रम काय?

सगळ्यात स्वस्त तपासणी मॉड्यूल टाकीत जाण्याआधी, बाकावर होते. मल्टिमीटर ओमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांना लावा आणि दांडी अगदी सावकाश वर न्या. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा मल्टिमीटरने वाचन सोडलं, तर तो सेन्सर बसवू नका. दोन्ही टोकांचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहा. जुनं मॉड्यूल भंगारात टाकण्याआधी त्याचा सेन्सर चालू असल्यास त्याचेही ओम घ्या, दांडीचा बाक शेजारी ठेवून पाहा. काम मोकळ्या हवेत, बॅटरीचं निगेटिव्ह काढून करा; उघड्या टाकीशी ठिणगी नको. व्होल्टेजच्या तपासण्या टाकी बंद झाल्यावर.

चुकीच्या काट्याकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. काटा खोटं बोलत असेल, तर टाकी कोरडी पडेपर्यंत कळत नाही आणि नवा पंपही तापून जातो. सीएनजीवर धावणाऱ्या, पेट्रोल नावापुरतं ठेवणाऱ्या गाड्यांना हा धोका जास्त. म्हणून पंप बदलून घेताना मेकॅनिककडून बिलावर दोन आकडे लिहून घ्या: फ्लोट खाली असतानाचे ओम आणि वर असतानाचे ओम. पुढे काटा चुकला, तर दोष टाकीत आहे की टाकीबाहेर, हे शोधायला ते आकडे उपयोगी पडतील.