दुसऱ्या तज्ज्ञाचें मत

पिंपरी-चिंचवडच्या परिसरांत ‘टाटा’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. “मुलगा टाटाला आहे” असें कोणीं म्हटलें, तर ऐकणाराच्या डोळ्यांपुढें मोटारींचा कारखाना येतो आणि तो समाधानानें मान डोलावतो. परंतु “वडिलांना टाटाला नेलें आहे” असें कानीं पडलें, कीं बोलणें क्षणभर थांबतें. ह्या वेळीं तें नांव कारखान्याचें नसून मुंबईंतील परळच्या कर्करोग-रुग्णालयाचें आहे, हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. निदान हातीं पडल्यापासून असा कांहीं निर्णय होईपर्यंतचे जे थोडे दिवस असतात, ते कुटुंबाच्या कसोटीचे असतात.

असें एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. वडील पिंपरीच्या एका कारखान्यांतून निवृत्त झालेले. मुलगा चाकणला पाळीवर जाणारा. वडिलांच्या गालाच्या आंतील जखम दोन महिने झाले तरी भरून येत नाहीं, म्हणून ती डॉक्टरांना दाखविली. त्यांनीं तुकडा काढून तपासावयास पाठविला आणि कांहीं दिवसांनीं अहवाल आला. शस्त्रक्रिया लवकर करून घ्यावी, असें डॉक्टरांनीं सांगितलें. त्याच संध्याकाळीं घर नातलगांनीं भरतें. कोणी म्हणतो, मुंबईस न्या. कोणी म्हणतो, चाकू लागला कीं रोग पसरतो. कोणी कुठल्याशा गांवच्या औषधाचें नांव सांगतो. मुलाच्या मनांत मात्र एकच प्रश्न घोळत असतो आणि तो उघड विचारण्याची त्यास भीड वाटते: दुसऱ्या तज्ज्ञास विचारलें, तर पहिल्या डॉक्टरांना अपमान तर वाटणार नाहीं ना?

ही भीड अनाठायीं आहे. कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयांत एकट्या डॉक्टरानें निर्णय घेण्याची पद्धतिच मागें पडली आहे. शस्त्रक्रिया करणारे, औषधें देणारे आणि किरणोपचार करणारे असे तिन्ही प्रकारचे तज्ज्ञ एकत्र बसून रुग्णाचे कागद पाहतात व मग उपचार ठरवितात. म्हणजे जें दुसरें मत मागावयास मुलगा कचरतो, तें डॉक्टर मंडळी आपण होऊन एकमेकांस विचारीत असतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानें २०१८ सालीं रुग्णांच्या हक्कांची जी सनद तयार केली, तिच्यांतहि दुसरें मत घेण्याचा हक्क स्पष्टपणें नमूद केलेला आहे.

परंतु दुसरें मत नेमकें कशाविषयीं घ्यावयाचें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग निदानाचा. शरीरांतून काढलेला तुकडा मेणांत बसवून त्याचा लहान ठोकळा करतात. त्या ठोकळ्याचे अत्यंत पातळ काप काढून ते कांचेच्या पट्टीवर घेतात, त्यांना रंग देतात आणि विकृतिशास्त्राचा तज्ज्ञ ती कांच सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतो. रोग आहे कीं नाहीं, तो कोणत्या जातीचा, किती उग्र, हें सारें तेथें ठरतें. पुढील सर्व उपचारांची इमारत ह्या एका कांचेवर उभी असते. आणि ती कांच वाचणारा अखेर एक माणूसच असतो.

ह्या वाचनांत चूक किती होते? अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयानें बाहेरून आलेल्या रुग्णांच्या कांचा पुन्हां तपासून १९९९ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. ६,१७१ रुग्णांपैकीं ८६ जणांच्या बाबतींत निदान इतकें बदललें, कीं उपचारहि बदलावे लागले. हें प्रमाण शेंकडा दीडाच्याहि आंत आहे. ह्या आंकड्यांतून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. बहुतेकांच्या बाबतींत पहिलें निदान बरोबरच असतें. तेव्हां “दुसरीकडे गेलों तर कर्करोग नाहीं असें निघेल” ह्या आशेनें दुसरें मत घेऊं नये. पण त्या ८६ जणांत आपले वडील नाहींत, हें कांच पुन्हां पाहिल्यावांचून कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं. भारतांत तर क्षयरोगामुळें ही सावधगिरी अधिकच अगत्याची ठरते. छातीच्या चित्रांत क्षयाची छाया कर्करोगासारखी दिसूं शकते, आणि उलट कर्करोगाच्या रुग्णास महिनोन्‌महिने क्षयाचीं औषधें दिलीं गेल्याचींहि उदाहरणें आढळतात.

दुसरा भाग उपचारांचा. निदान तेंच राहिलें तरी आधीं शस्त्रक्रिया कीं आधीं औषधें, किरणोपचार लागतील कीं नाहींत, अवयव वांचवितां येईल काय, ह्या प्रश्नांवर तज्ज्ञांत प्रामाणिक मतभेद असूं शकतो. गालाच्या कर्करोगांत बहुधा शस्त्रक्रियेलाच अग्रस्थान असतें. गुदाशयाच्या कर्करोगांत अनेकदां किरणोपचार आधीं देतात. शिवाय सत्तरीच्या घरांतील, मधुमेह व हृद्रोग असलेल्या माणसाला जो उपचार झेपेल, तो चाळिशींतल्या माणसाच्या उपचारापेक्षां निराळा असावयाचाच. म्हणून दुसऱ्या तज्ज्ञास “हें खरें आहे काय?” एवढेंच विचारून भागत नाहीं. रोग किती पसरला आहे, उपचाराचा हेतु रोग समूळ बरा करण्याचा आहे कीं त्रास कमी करण्याचा, आणि कांहींच केलें नाहीं तर काय होईल, हे तीन प्रश्न विचारून उत्तरें लिहून घ्यावीं.

मत कोठें घ्यावें? पिंपरीच्या संत तुकारामनगरांत महापालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे. पुण्यांत ससून आहे. खाजगी तज्ज्ञहि दोन्ही शहरांत आहेत. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा इतिहास तर ह्या विषयाशीं जवळून निगडित आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें विलायतेंत निवर्तल्या. पुढें दोराबजी टाटा विश्वस्त निधीनें उभारलेलें हें रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें आणि १९६२ पासून तें केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याच्या व्यवस्थेखालीं आहे. बाहेर निदान झालेल्या रुग्णाच्या कांचा व ठोकळे तेथील तज्ज्ञ पुन्हां पाहतात. चिंचवडला सिंहगड एक्सप्रेस पकडून दादरला उतरावें, तेथून रुग्णालय फार दूर नाहीं. २०१२ सालीं स्थापन झालेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ ह्या जाळ्यानें देशांतील अनेक रुग्णालयें एकमेकांस जोडलीं आहेत, आणि कागदपत्रें संगणकावरून पाठवून तज्ज्ञांचें लेखी मत मागविण्याची सोयहि अलीकडे झाली आहे. मात्र असें दुरून आलेलें मत पाठविलेल्या अहवालांवरच बेतलेलें असतें. अहवालच चुकला असेल, तर त्यासाठीं कांच प्रत्यक्ष न्यावी लागते.

ह्यासाठीं कागदांची जुळवाजुळव नीट करावी. तुकड्याचा अहवाल, कांचा व मेणाचे ठोकळे, स्कॅनचीं चित्रें व त्यांची तबकडी, रक्ताच्या तपासण्या आणि चालूं असलेल्या औषधांची यादी, एवढें सर्व बरोबर असावें. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें रुग्णानें मागितलेलीं कागदपत्रें ७२ तासांच्या आंत द्यावीं लागतात. ठोकळा फार जपावा. तो उन्हांत तापूं देऊं नये, पोंचपावती घेतल्यावांचून कोणाच्या हातीं देऊं नये आणि काम झाल्यावर परत मागून घ्यावा. कारण त्यांतील अंश थोडाच असतो आणि पुढें त्याची गरज पुन्हां पडूं शकते. योग्य रीतीनें तुकडा काढल्यानें रोग पसरतो, ह्या समजुतीस मात्र आधार नाहीं.

आतां काळाचा प्रश्न. गांठीच्या रूपानें वाढणारे बहुतेक कर्करोग दिसूं लागण्यापूर्वीं महिने, कधीं वर्षेंहि वाढत असतात. त्यांच्या बाबतींत दुसऱ्या मतासाठीं आठ-दहा दिवस गेले, तर सहसा हानि होत नाहीं. तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग, मणक्यांतील मज्जारज्जूवर आलेला दाब, श्वासाचा किंवा आंतड्याचा अवरोध, न थांबणारा रक्तस्राव ह्या गोष्टी निराळ्या. तेथें तासांचा हिशेब असतो. म्हणून पहिल्या डॉक्टरांनाच सरळ विचारावें, “किती दिवस थांबलें तर चालेल?” ह्या एका प्रश्नानें भीडहि मोडते आणि मर्यादाहि कळते. दोन मतें जुळलीं, कीं थांबावें. तीं जुळलीं नाहींत, तरच तिसऱ्याकडे जावें. मनासारखें उत्तर मिळेपर्यंत जो दारोदार हिंडतो, तो शेवटीं असल्या दारीं पोंचतो, कीं जेथें मनासारखें उत्तर विकत मिळतें; आणि रोग तोंवर वाट पाहत नाहीं.

दुसरें मत मुंबईचें घेतलें म्हणून उपचारहि मुंबईंतच केले पाहिजेत, असें नाहीं. किरणोपचार कित्येकदां पांच-सहा आठवडे, आठवड्यांतून पांच दिवस घ्यावे लागतात. एवढा काळ वृद्ध माणसाला परक्या शहरांत ठेवण्यापेक्षां लेखी मत घेऊन परत यावें आणि घराजवळ उपचार करावे, हें पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें. खर्चासाठीं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळतो काय, हें उपचार ठरतांनाच विचारून घ्यावें.

ह्या सर्व धांवपळींत एक मत घ्यावयाचें बहुधा राहून जातें, आणि तें असतें रुग्णाचें. वडिलांना धक्का बसेल म्हणून घरचीं माणसें अहवाल लपवितात, दाराआड कुजबुजतात आणि “साधी गांठ आहे” असें सांगून त्यांना गाडींत बसवितात. पण ज्या माणसानें सारें आयुष्य यंत्राच्या आवाजांतला बिघाड ओळखण्यांत घालविलें, त्याला घरांतल्या शांततेंतला बदल कळत नाहीं काय? आणि परळच्या त्या इमारतीवरील पाटी त्याला वाचतां येत नाहीं काय? शस्त्रक्रिया त्याच्या गालावर व्हावयाची आहे. नंतर घांस त्यालाच गिळावयाचा आहे. किती जाणून घ्यावयाचें, हें त्यालाच विचारावें. त्यानें सारें मुलावर सोंपविलें, तर तीहि त्याची इच्छाच होय. दोन तज्ज्ञांचीं मतें कागदावर घेऊन मुलगा घरीं येतो, तेव्हां त्यानें तो कागद कपाटांत न ठेवतां वडिलांच्या शेजारीं बसावें आणि विचारावें, “बाबा, डॉक्टर असें म्हणतात. तुमच्या मनांत काय आहे?”