पहिलीच्या वर्गातली पेरणी

शेतकरी बंधूंनो, बियाणं कितीही चांगलं असलं तरी वाफसा चुकला की उगवण साधत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पोरांच्या शिक्षणाचंही तसंच आहे. पहिलीचं वर्ष म्हणजे पेरणीचं वर्ष.

पहिलीच्या वर्गाचा आठवडा कसा आखावा, हे ख्रिस्ती मिशनच्या शाळांकडून शिकण्यासारखं आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ साली मुंबईत सुरू झालं, १८३१ साली अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आणि पुढे सोलापुरात पोचलं. नगरला फरारबाईंची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ साली सुरू केलेल्या बालवाडीचं सूत्र होतं, मूल हातानं करून शिकतं. त्याच धर्तीची बालवाडी मिशनने सोलापुरातही चालवली.

अशा वर्गात आठवड्याला एक गोष्ट घेऊन सगळे विषय तिच्याभोवती गुंफता येतात. बायबलातला पेरणाऱ्याचा दाखला घ्या. काही बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी टिपलं. काही खडकाळीत पडलं, लगेच उगवलं आणि उन्हानं करपलं. काही काटेरी झुडपांत दबलं. चांगल्या रानात पडलेल्यानं तीसपट, साठपट, शंभरपट पीक दिलं.

सोमवारी बाई गोष्ट सांगतात आणि पोरं चार डबे भरतात: तुडवलेली माती, मुरूम, गवताळ माती आणि काळी माती. प्रत्येकात ज्वारीचे दहा दाणे. मंगळवारी 'बी', 'माती', 'पाणी' हे शब्द गिरवायचे. बुधवारी दाण्यांवर बेरीज-वजाबाकी. गुरुवारी चित्र. शुक्रवारी कोंब मोजायचे, दहापैकी किती उगवले? शनिवारी प्रत्येकानं उभं राहून काय पाहिलं ते सांगायचं. गवताचा आणि मुरमाचा परिणाम आठवड्यात कळत नाही, म्हणून ते डबे महिनाभर ठेवायचे. वाचन, गणित, शेती आणि बोलणं, सगळं एका मूठभर ज्वारीवर झालं.

आता मुद्द्याचं. जे पोरगं सोमवारी आलंच नाही, त्याला शुक्रवारी कोंब दिसतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. पहिलीत एक दिवस दुसऱ्यावर रचलेला असतो. आपल्या वैराग भागात जूनमध्ये पटावर नावं भरपूर लागतात. ती झाली उगवण. पण शाळूची काढणी निघाली की धाकट्याला सांभाळायला, शेरडांमागं जायला पोरगं घरी राहतं. कुणी ऊसतोडीला आई-बापाबरोबर जातं. मुरमावरच्या रोपागत ते मग सुकतं, आणि आपण म्हणतो, पोराचं डोकंच चालत नाही. डोक्याला दोष देऊ नका, पाण्याची पाळी चुकली आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा ठरवली आहे. काढणीत पंधरा दिवस गेले तर ती तूट पोरगं एकट्यानं कशी भरणार?

म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीला विनंती, की काढणीआधीच्या ग्रामसभेत पहिलीच्या हजेरीचा विषय घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी दिवाळीपूर्वीच करून हंगामी वसतिगृहाची मागणी करा. धाकटी भावंडं अंगणवाडीत बसवा.

आणि बंधूंनो, घरीही एक करा. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासायची असतेच. ते दाणे पहिलीतल्या पोराकडून दहा-दहाच्या ओळीत मांडून घ्या आणि कोंबही त्यालाच मोजू द्या. सोयाबीनचे सत्तरच्या वर कोंब आले तर बियाणं पेरणीला चालेल. तुमचं बियाणं तपासून होईल आणि पोराची शंभरापर्यंत मोजणी पक्की होईल.