अण्णाजी दत्तो यांची जमीनमोजणी आणि पाली परिसर

राजगडाच्या पायथ्याचे पाली हे गाव गडाच्या पाली दरवाजामुळे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. राजगड ही रायगडापूर्वीची स्वराज्याची राजधानी होती. त्यामुळे या परिसराच्या संदर्भात शिवकालीन जमीनमोजणीचा विचार करणे उचित ठरते.

या मोजणीशी अण्णाजी दत्तो यांचे नाव निगडित आहे. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी ते सचिव, म्हणजेच सुरनीस होते. सभासद बखरीनुसार काठी पाच हात व पाच मुठींची, वीस काठ्या चौरसाचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर असे. पिकाच्या पाच भागांपैकी तीन रयतेस व दोन सरकारास मिळत.

तथापि, केवळ क्षेत्रफळावर न्याय्य आकारणी होत नाही. मावळातील भातखाचर आणि डोंगरउतारावरील वरकस जमीन समान मापाची असली, तरी त्यांचे उत्पन्न समान नसते. म्हणून मोजणीस प्रतवारी व पीकपाहणीची जोड आवश्यक ठरते. १८२८ नंतर पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांनी केलेली सूक्ष्म आकारणी जाचक ठरून अयशस्वी झाली, ती याच कारणाने उद्बोधक आहे.

१६८१ मध्ये संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून अण्णाजी व त्यांचे बंधू सोमाजी यांना देहदंड झाला. सचिवपद पुढे शंकराजी नारायण यांच्याकडे गेले. त्यांच्या घराण्याचे भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. सारांश, मोजणीदाराचे घराणे सत्तेवरून दूर झाले, तरी त्याच्या काठीने मांडलेला प्रश्न, शेतकऱ्याच्या हाती किती उरावे, हा मात्र कायम राहिला.